ऑक्साइड स्फटिकातील चुंबकत्व नेमके कोणाचे?

जस्ताचे ऑक्साइड मलमात आणि टायरच्या रबरात असते. टायटॅनियमचे ऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत सापडणारे इल्मेनाइट हे टायटॅनियमचेच खनिज होय. शुद्ध स्फटिकाच्या रूपात ही दोन्ही ऑक्साइडे पारदर्शक असतात आणि चुंबकाला दाद देत नाहीत. जस्ताचे ऑक्साइड तर चुंबकीय क्षेत्रापासून अत्यंत क्षीणपणे दूरच ढकलले जाते. असे असताना २००१ च्या आरंभी जपानमधील संशोधकांच्या एका गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले की, टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज प्रकारच्या पातळ थरात ८ टक्क्यांपर्यंत कोबाल्ट मिसळले असता तो थर पारदर्शक राहतो आणि तरीही सामान्य तापमानाला लोहचुंबकीय बनतो. त्याच वर्षी जस्ताच्या ऑक्साइडबाबतही तसाच दावा पुढे आला. त्यानंतरच्या दशकात अशा दाव्यांचा अक्षरशः पूर आला. या साऱ्या संशोधनाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. हे चुंबकत्व ऑक्साइडात एकेकटे विखुरलेल्या कोबाल्ट अणूंचे, की ऑक्साइडाच्या पोटात लपून एकत्र जमलेल्या कोबाल्ट धातूच्या सूक्ष्म स्फटिकांचे?

वरवर पाहता हा प्रश्न केवळ तपशिलाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर इलेक्ट्रॉनिकीची एक संपूर्ण शाखा अवलंबून होती. आजचा संगणक माहितीवर प्रक्रिया करतो ती अर्धसंवाहकात, इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर. आणि तिचा दीर्घकाळ साठा अनेकदा करतो तो चुंबकीय पदार्थात, इलेक्ट्रॉनच्या परिवलनाच्या म्हणजे ‘स्पिन’च्या आधारे. ही दोन्ही कामे एकाच पदार्थात करता आली तर उपकरणे लहान होतील आणि वीजही कमी लागेल, ही स्पिन्ट्रॉनिक्सची मूळ कल्पना. मँगॅनीजयुक्त गॅलियम आर्सेनाइड हा असा पदार्थ ज्ञात आहे, परंतु त्याचे लोहचुंबकत्व फार तर २०० केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली सुमारे ७३ अंश सेल्सियसपर्यंतच टिकते. २००० साली पोलंडचे टोमाश डिट्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्धान्ताच्या आधारे असे भाकीत केले की, जस्ताचे ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइड या पदार्थांत मँगॅनीज योग्य प्रमाणात मिसळले आणि धनभारवाहकांची संख्या पुरेशी वाढवली, तर ही मर्यादा सामान्य तापमानाच्याही वर जाईल. ऑक्साइडांमागे धावण्याची लाट आली ती त्यामुळे. अणू खरोखर विखुरलेले असतील तरच पदार्थाला ‘विरल चुंबकीय अर्धसंवाहक’ म्हणता येते. धातूचे कण साचलेले असतील, तर तो काचेत लोखंडाचा कीस अडकवल्यासारखाच प्रकार ठरतो.

आयन-रोपण : बळाने केलेली भरती

परका अणू स्फटिकात घालण्याच्या पद्धतींपैकी आयन-रोपण ही सर्वांत थेट पद्धत. अर्धसंवाहकासाठी तिचे महत्त्व विल्यम शॉकली यांनी १९५० च्या दशकातच ओळखले होते आणि त्यांना तिचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. आज सिलिकॉन चिपच्या निर्मितीत ती नित्याची बाब आहे. धातूचे अणू प्रथम आयन-स्रोतात विद्युतभारित केले जातात, उच्च विद्युत दाबाने त्यांना वेग दिला जातो, विद्युतचुंबकाच्या साह्याने नको असलेल्या वस्तुमानाचे आयन बाजूला काढले जातात आणि उरलेला शुद्ध झोत निर्वात कक्षातील स्फटिकावर सोडला जातो. रोपण या शब्दावरून भाताच्या लावणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र येथे रोपे ओळीत लागत नाहीत. १८० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा कोबाल्ट आयन सेकंदाला सुमारे ७७० किलोमीटर वेगाने येऊन आदळतो, वाटेतील अणूंना जागेवरून उडवत जातो आणि जस्ताच्या ऑक्साइडात सरासरी ८० नॅनोमीटर खोलीवर थांबतो. कोणता आयन नेमका कोठे थांबेल हे सांगता येत नाही. सर्व आयनांचे खोलीनुसार वितरण मात्र घंटेच्या आकाराचे असते आणि त्याचा अंदाज आधी बांधता येतो.

येथे एक साधे गणित करून पाहण्याजोगे आहे. अशा प्रयोगात दर चौरस सेंटिमीटरला ५ वर १६ शून्ये इतके आयन घालतात. झोताची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर धरली, तर एवढ्या रोपणाला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लागतो. हे आयन साधारण ८० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यात पसरले असे मानले, तर त्या पट्ट्यातील अणूंपैकी सुमारे साडेसात टक्के अणू कोबाल्टचे होतात. तेच कोबाल्ट पृष्ठभागावर एकसंध पसरले असते, तर त्याचा थर जेमतेम साडेपाच नॅनोमीटर जाडीचा झाला असता आणि त्याचे वजन दर चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या घरात भरले असते. एका ग्रॅमचे दोन लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे हे वजन. पुढील साऱ्या वादाचा विषय एवढाच धातू आहे.

साडेसात टक्के हे प्रमाण स्फटिकाच्या पचनी पडते का? आयन-रोपणाचे वैशिष्ट्य असे की, ते विद्राव्यतेची पर्वा करत नाही. रासायनिक मार्गाने जितके कोबाल्ट ऑक्साइडात कधीच विरघळले नसते, तितके झोताच्या जोरावर आत ढकलता येते. परंतु ढकललेले तेथेच मुकाट्याने राहील याची हमी नसते. साखरेचा घट्ट पाक थंड होताना त्यात अचानक कण धरू लागतात. अतिसंपृक्त स्फटिकातही तसेच घडते. झोताने निर्माण झालेले रिक्त स्थान व मोडलेली जाळी यांमुळे अणूंना हालचालीस वाव मिळतो. काही अणू योगायोगाने एकत्र येऊन बीज तयार होते आणि जवळचे अणू त्याला चिकटत जातात. नमुना नंतर तापवला, म्हणजे त्याचे अनुशीतन केले, की लहान कण विरघळून त्यांचे अणू मोठ्या कणांना जाऊन मिळतात. या रीतीने तयार झालेल्या पाच नॅनोमीटर व्यासाच्या कोबाल्ट स्फटिकात सुमारे सहा हजार अणू असतात.

धातू धातूच राहील की त्याचेही ऑक्साइड होईल, हे ऑक्सिजनची ओढ कोणाला अधिक आहे यावर ठरते. मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम यांची ही ओढ इतकी प्रबळ असते की, त्यांच्या ऑक्साइडात शिरलेल्या कोबाल्ट किंवा निकेलला त्यांच्याकडून ऑक्सिजन हिसकावता येत नाही. म्हणून निर्वातात किंवा हायड्रोजनच्या सान्निध्यात तापवल्यास धातूचे निखळ कण मिळतात. हवेत तापवल्यास चित्र पालटते. जस्ताच्या ऑक्साइडातील लोहाचे जस्त फेराइट होऊ शकते. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडातील कोबाल्टपासून जे संयुग बनते, ते चित्रकारांना ‘कोबाल्ट निळा’ म्हणून परिचित असलेले रंगद्रव्य. तोच धातू आणि तोच स्फटिक असूनही भट्टीतील वायू बदलला की पदार्थ बदलतो.

आकार आणि स्मरणशक्ती

धातूचा कण इतका लहान झाला की त्याचे चुंबकीय वर्तनही बदलते. काही नॅनोमीटरच्या कोबाल्ट कणातील सर्व अणूंची चुंबकीय परिबले एकाच दिशेला असतात, म्हणजे संपूर्ण कण हा एकच चुंबक असतो. ही दिशा स्फटिकाच्या एका ठरावीक अक्षाला धरून राहू पाहते. ती उलटायची असेल तर ऊर्जेची एक टेकडी ओलांडावी लागते आणि टेकडीची उंची कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. कण लहान असेल, तर परिसरातील उष्णतेचे कंपन त्याला ही टेकडी पुन्हा पुन्हा ओलांडायला लावते. कण चुंबक असतो, पण त्याची दिशा क्षणोक्षणी फिरत राहते आणि बाहेरून पाहणाऱ्याला बेरीज शून्य दिसते. यालाच अतिसमचुंबकत्व म्हणतात. समचुंबकत्वाशी त्याची गल्लत होऊ नये. समचुंबकात एकेकटा अणू स्वतंत्रपणे फिरतो; येथे हजारो अणूंचा जथा एकजुटीने फिरतो, म्हणून चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद हजारो पटींनी मोठा असतो.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेल यांनी १९४९ मध्ये या वर्तनाचा सिद्धान्त मांडला. त्यांच्यासमोर संगणकाची तबकडी नव्हती, तर भाजलेली माती आणि लाव्हारस होता. भट्टीत भाजलेली वीट अथवा थिजलेला लाव्हा आपल्यातील सूक्ष्म चुंबकीय कणांच्या रूपाने त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा कशी जपून ठेवतो, हे त्यांना समजून घ्यायचे होते. नेल यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले ते चुंबकत्वावरील त्यांच्या मूलभूत कार्यासाठी. या प्रश्नाला भारतात फार मोठी प्रयोगभूमी लाभली आहे. मध्य प्रदेशात जबलपूरच्या परिसरात, महाराजपूरपासून फार दूर नसलेल्या बडा शिमला टेकडीवर, डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेल्या लमेटा थरांच्या माथ्यावर दख्खनचा बेसॉल्ट आढळतो. तेथून महाराष्ट्रापर्यंत हा खडक पसरला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या या खडकातील टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे कण तेव्हाच्या क्षेत्राची दिशा आजही बाळगून आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी खडक व खनिजांचे चुंबकीय वलय रेखाटणाऱ्या उपकरणाचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. अशा मापनांतून बेसॉल्टमधील काही कण अतिसमचुंबकीय, तर काही दिशा टिकवणारे असल्याचे ओळखता आले. निसर्गाने ऑक्साइड खनिजात केलेली ही मांडणी आणि प्रयोगशाळेत झोताने केलेली मांडणी यांना एकच सूत्र लागू पडते.

ते सूत्र किती तीव्र आहे हे कोबाल्टच्या उदाहरणाने स्पष्ट होते. षट्कोनी रचनेच्या कोबाल्टची दिशाधीन ऊर्जा घनमीटरला साडेचार लाख ज्यूल धरली आणि तापमान ३०० केल्विन मानले, तर सहा नॅनोमीटर व्यासाचा कण आपली दिशा एका मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात विसरतो. साडेसात नॅनोमीटरच्या थोडे वर गेल्यास ती दीडेक मिनिट टिकते. नऊ नॅनोमीटरचा कण ती तीस वर्षे लक्षात ठेवतो. व्यास दीडपट झाला आणि स्मरणकाल लक्षावधी नव्हे, तर लाख कोटी पटींनी वाढला. आकारमान घातांकात बसलेले असल्यामुळे हे घडते. सूत्र पाठ करताना ही गोष्ट हमखास निसटते.

पुण्याशी नाते असलेला शोध

पुन्हा मूळ वादाकडे वळू या. कोबाल्टयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडच्या पहिल्या दाव्यात दर कोबाल्ट अणूमागे केवळ ०.३२ बोर मॅग्नेटॉन इतके परिबल आढळले होते. कोबाल्ट धातूत ते सुमारे १.७ असते. म्हणजे एकतर प्रत्येक अणू क्षीण झाला होता, किंवा काही थोडेच अणू धातू बनून पूर्ण ताकदीने चुंबकत्व दाखवत होते आणि बाकीचे निष्क्रिय होते. २००३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साह्याने केवळ कोबाल्ट अणूंची चुंबकीय खूण तपासली आणि ती धातुरूप कोबाल्टच्या पुंजक्यांशी जुळते असा निष्कर्ष काढला.

या वादातील काही निर्णायक प्रयोग अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात झाले आणि त्यांत मराठी नावे ठळकपणे दिसतात. सतीशचंद्र ओगले यांनी पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) भौतिकशास्त्र विभागात दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले होते. पुढे ते पुण्यातीलच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि त्यानंतर भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले. मेरीलँडमध्ये संजय शिंदे, ओगले, टी. वेंकटेसन आणि सहकाऱ्यांनी कोबाल्टयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडचे थर तयार केले. पद्धत आयन-रोपणाची नव्हती. लेसरच्या स्पंदांनी पदार्थ उडवून थर बसवण्याची होती. परंतु अतिसंपृक्ततेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, तयार होताना अ‍ॅनाटेज थरात कोबाल्ट केवळ २ टक्क्यांपर्यंतच विरघळते. त्यापलीकडे त्याचे पुंजके बनतात.

त्यातील ७ टक्के कोबाल्टच्या नमुन्याची कथा मुळातून समजून घेण्यासारखी आहे. लोहचुंबकत्व ज्या तापमानाला नाहीसे होते ते क्यूरी तापमान. ते मोजण्यासाठी नमुना तापवला गेला, तेव्हा ते ११८० केल्विनच्याही वर आढळले. शुद्ध कोबाल्टचे क्यूरी तापमान १३९० केल्विनच्या आसपास असते, म्हणजे संशय धातूवरच जात होता. आणि सूक्ष्मदर्शकाखाली २० ते ५० नॅनोमीटरचे कोबाल्टचे पुंजके दिसलेही. पण मापनासाठी दिलेल्या उष्णतेनेच नमुना बदलला होता. दुसऱ्यांदा मोजले असता क्यूरी तापमान सुमारे ६५० केल्विन भरले आणि पुंजके जवळजवळ पूर्णपणे ऑक्साइडात विरून गेले होते. केवळ १ टक्का कोबाल्टच्या नमुन्याचे क्यूरी तापमान ७०० केल्विनच्या आसपास होते. विखुरलेल्या कोबाल्टलाही स्वतःचे चुंबकत्व असावे, असा संकेत यातून मिळाला. ज्या उष्णतेने एरवी कण वाढतात, तिनेच येथे कण विरघळवले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

याच गटाने २००४ मध्ये मात्र विरुद्ध बाजूने इशारा दिला. वीज वाहणाऱ्या पट्टीला चुंबकीय क्षेत्रात ठेवले की आडव्या दिशेला विद्युत दाब निर्माण होतो, हा हॉल परिणाम. पट्टी स्वतः चुंबकीय असेल तर त्यात तिच्या चुंबकत्वाच्या प्रमाणात आणखी भर पडते. हा असामान्य हॉल परिणाम. तो दिसला म्हणजे वीज वाहणारे इलेक्ट्रॉनच चुंबकत्वात सहभागी आहेत आणि पदार्थ खरा विरल चुंबकीय अर्धसंवाहक आहे, असे तेव्हा मानले जाई. शिंदे, ओगले आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची मोठी कमतरता असलेल्या रुटाइल थरात असामान्य हॉल परिणाम मोजला आणि त्याच थरात कोबाल्टचे अतिसमचुंबकीय पुंजकेही दाखवून दिले. ज्या कसोटीवर अनेकांची भिस्त होती, ती पुंजक्यांच्या उपस्थितीतही उत्तीर्ण होता येते हे यातून सिद्ध झाले. आपल्याच आवडत्या निष्कर्षाला बाधा आणू शकणारा पुरावा स्वतःहून पुढे ठेवणारे संशोधन नेहमी आढळते असे नाही. या कामाचे मोल तेथे आहे.

या गटाचे आणखी एक निरीक्षण आजही कोड्यात टाकणारे आहे. कोबाल्टयुक्त कथिल ऑक्साइडात २००३ मध्ये त्यांना दर कोबाल्ट अणूमागे ७.५ बोर मॅग्नेटॉन इतके परिबल आढळले. धातूचे पुंजके हे त्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही, कारण पुंजक्यात प्रत्येक अणू सुमारे १.७ पेक्षा अधिक देत नाही.

आयन-रोपणाच्या बाजूने या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर पाठपुरावा जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या रोसेनडॉर्फ येथील संशोधन केंद्रात झाला. शेंगचियांग झोऊ, काय पॉट्झगर आणि सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडाच्या एकस्फटिकांत कोबाल्ट व निकेलचे रोपण केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध आहे : मोजलेल्या लोहचुंबकत्वाचा मुख्य वाटा कोबाल्ट व निकेलच्या नॅनोस्फटिकांचा असतो. अनुशीतन करण्याआधीच, रोपण होता होताच, ते तयार झालेले होते आणि अतिसमचुंबकीय वर्तन दाखवत होते. शिवाय ते वेडेवाकडे पडलेले नव्हते. यजमान स्फटिकाच्या अणूंची रचना साच्यासारखी काम करते आणि धातूचा कण तिच्याशी जुळवून घेत ठरावीक दिशेने वाढतो. अनुशीतनाने त्यांची चुंबकीय दिशाधीनता आणि दिशा गोठण्याचे तापमान हवे तसे बदलता येते, हेही या प्रयोगांनी दाखवले.

शहानिशा कशी करतात

पाच मायक्रोग्रॅम धातूचे चुंबकत्व मोजणे अवघड नाही. ‘स्क्विड’ या अतिसंवाहक उपकरणाला त्याहून हजारपट क्षीण संकेतही कळतो. अवघड आहे ते त्याचा मालक ओळखणे. पहिली तपासणी दोन आलेखांची असते. नमुना चुंबकीय क्षेत्राविना थंड करून नंतर क्षेत्रात तापवताना एकदा आणि क्षेत्रातच थंड करून दुसऱ्यांदा असे मापन करतात. कमी तापमानाला दोन आलेख एकमेकांपासून फाटतात आणि पहिल्यात एक उंचवटा दिसतो, तेव्हा ठरावीक तापमानाखाली गोठणारे नॅनोकण आत असण्याची दाट शक्यता असते. त्यानंतर क्ष-किरण विवर्तन. पाच नॅनोमीटरच्या कणांपासून मिळणारी रेषा जवळजवळ पावणेदोन अंश रुंद पसरते आणि साध्या उपकरणात पार्श्वभूमीत बुडून जाते. ‘विवर्तनात दुसरा पदार्थ दिसला नाही’ या वाक्यावर अनेक शोधनिबंध उभे राहिले आणि बरेचसे त्याच वाक्यावर कोसळले. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. सिंक्रोट्रॉनचे प्रखर क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरल्यावर कण समोर येतात.

एक फसवणूक तर अगदी घरगुती स्वरूपाची निघाली. २००४ मध्ये हॅफनियम ऑक्साइडाच्या थरात, कोणताही चुंबकीय धातू न मिसळता, चुंबकत्व आढळल्याचे वृत्त आले. आयबीएमच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने नमुना पकडल्यास चिमट्याचे अत्यल्प कण चिकटून तेवढ्याच तीव्रतेचा संकेत मिळू शकतो. तेव्हापासून जाणकार प्रयोगशाळांत अशा नमुन्यांसाठी अधातूचे चिमटे वापरण्याची दक्षता घेतली जाते.

अडगळीचे मोल

विरल अर्धसंवाहक शोधणाऱ्याला जी अडगळ वाटते, तीच दुसऱ्याला हवी असते. स्फटिकाच्या पृष्ठभागाखाली सुरक्षित असलेला, हवेने न गंजणारा, ठरावीक दिशेने बसलेला धातूचा कण हे माहितीसाठ्याच्या दृष्टीने मोठे आकर्षण आहे. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सी. डब्ल्यू. व्हाइट आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडात लोह व प्लॅटिनम दोन्हींचे रोपण करून त्यांच्या मिश्रधातूचे दिशाबद्ध नॅनोस्फटिक मिळवले. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. या मिश्रधातूच्या सुव्यवस्थित रूपाची दिशाधीन ऊर्जा कोबाल्टच्या सुमारे पंधरापट असते, म्हणून साडेतीन नॅनोमीटरचा कणही सामान्य तापमानाला दहा वर्षे दिशा टिकवू शकतो. उष्णतेच्या साह्याने लेखन करणाऱ्या अलीकडच्या हार्ड डिस्कमध्ये लोह-प्लॅटिनमचेच कण वापरले जातात. ते मात्र आयन-रोपणाने बनवत नाहीत. रोपणात कणांची खोली आणि आकार यांचा पसारा फार असतो, वेळ व खर्चही अधिक. त्यामुळे हे तंत्र कारखान्यापेक्षा प्रयोगशाळेलाच शोभणारे राहिले आहे. डिट्ल यांच्यासह अनेक तज्ज्ञांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या विस्तृत आढाव्यात अर्धसंवाहकातील हे पुंजके बनणे टाळण्याचा दोष म्हणून नव्हे, तर नियंत्रणात आणून वापरण्याजोगी घटना म्हणून मांडले आहे. ऑक्साइडाधारित विरल चुंबकीय अर्धसंवाहकाचे व्यावहारिक उपकरण मात्र अद्याप बाजारात आलेले नाही.

भारतात अशा संशोधनासाठी लागणारी साधने एकेका विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची आहेत. त्यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये नवी दिल्ली येथे अणुविज्ञान केंद्र हे आपले पहिले आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन केले. तेच आज आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथील पेलेट्रॉन त्वरकाबरोबरच कमी ऊर्जेच्या आयन झोताची सोयही आहे. मुंबईत कुलाबा येथे भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन १९८० च्या दशकाच्या अखेरीस कार्यान्वित झाला. भुवनेश्वरची भौतिकी संस्था आणि कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र येथेही आयन झोतावरील संशोधन होते. क्ष-किरणांच्या सूक्ष्म तपासणीसाठी इंदूर येथील राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉन आहे. नॅनोविज्ञानाच्या वाढीसाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये विशेष उपक्रम हाती घेतला आणि मे २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह ‘नॅनो मिशन’ला मंजुरी दिली.

जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठातील किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्याला अशा त्वरकावर काम करायचे असल्यास त्याने मार्गदर्शकामार्फत झोत-वेळेसाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. कोणता आयन, किती ऊर्जा, किती मात्रा, कोणत्या तापमानाचा स्फटिक आणि त्यामागील वैज्ञानिक प्रश्न कोणता, हे त्यात मांडावे लागते. दिल्लीच्या केंद्रात वापरकर्त्यांची समिती या प्रस्तावांची छाननी करते आणि मंजूर झालेल्या प्रयोगांना झोताचा वेळ पाळीच्या हिशेबाने वाटून दिला जातो.